चतकोर

"अगं, हा तर नुसता चतकोरच राबतोय!" सासूबाई एवढ्यांदा ओरडल्या, की सुनेच्या हातातली बादली हिंदकळली.

सासूबाई म्हणजे निवृत्त नर्स. वॉर्डातही आवाज असाच. पेशंट घाबरत, डॉक्टर त्याहून जास्त. समोर लेकाचा कॉम्प्युटर होता. लेक ज्या आजाराने गेला, त्यावरच्या औषधाची आकडेमोड लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरांवर वाटून केली जायची. त्यासाठीचा प्रोग्रॅम त्यानेच आजारपणात टाकला होता. त्याच्या मागे या दोघींनी तो चालू ठेवला. आज आकडेमोडीचे एकदम चार गठ्ठे आले होते. संध्याकाळपर्यंत झाले नाहीत, तर दुसऱ्या कुणाकडे जाणार होते. आणि चालत होता एकच!

"याच्या डोक्यात चार कोअर आहेत म्हणे, राबतोय एक. बाकीचे तिघे पाय पसरून!"

"एक कोअर म्हणा, आई. चतकोर नव्हे."

"चारातला एक म्हणजे चतकोरच ना?"

सुनेला हसू आवरेना. हिशेब बिनचूक होता.

दोघी पदर खोचून बसल्या. हे उघड, ते बंद कर, अगं ते नको, मागे जा! शेवटी 'जास्तीत जास्त किती टक्के प्रोसेसर वापरायचे' असं विचारणारी चौकट सापडली. त्यात पंचवीस लिहिलेलं.

"कुणा मेल्याने एवढा चिक्कूपणा केला?"

सून चौकटीकडे बघत म्हणाली, "त्यानेच. गाणी जुळवायचा ना यावर. बाकीचे स्वतःसाठी ठेवले होते."

सासूबाईंनी जीभ चावली. 'मेल्या' असं त्या त्याला लहानपणापासून हजारदा म्हणाल्या असतील, पण तेव्हा तो होता.

"शंभर केलं तर त्याची गाणी अडखळतील," सून म्हणाली. तिचं बोट हलेना.

"कुणी लावलीत ती, तो गेल्यापासून?" सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाल शंभर."

तिने घातलं. क्षणभर काहीच नाही. मग आतला पंखा घोंघावला आणि पडद्यावर चारही गठ्ठ्यांचे पट्टे एकदम सरकू लागले.

"पळाले! चारही पळाले!" सासूबाईंनी टाळी मागितली, सुनेने दिली. स्वयंपाक राहिला, फोन वाजून वाजून थांबला. उजेड असतानाच शेवटचा गठ्ठा रवाना झाला, तेव्हा दोघींना आनंदाने काय करावं सुचेना.

पडद्यावर आभाराची ओळ आली. पुढे अजून लेकाचंच नाव होतं.

"आता इथे आपलं घालू या का?" सुनेने विचारलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पोरगं कामावर आहे."

आणि नवे गठ्ठे मागवायचं बटण त्यांनी स्वतःच दाबलं.