चाखेकाकांचे जठर

“अहो, ढेकर द्यायचा तर तोंड तिकडे करा. कालची भाजी आज परत भेटतेय मला,” वेणी घालता घालता काकू पुटपुटल्या.

मित्रांनो, बोलणी बसली काकांना, पण ती होती माझी. मी एक जुनी पिशवी आहे. कापडाची नव्हे, स्नायूंची. पुस्तकात मला जठर म्हणतात.

माझे धनी जॅमच्या कारखान्यात चव घेतात, म्हणून सगळे त्यांना चाखेकाका म्हणतात. घाणा उतरला की चमचाभर जॅम तोंडात घोळवायचा, मत सांगायचे आणि शेजारच्या डब्यात थुंकायचे, असा तिथला नियम. काकांनी तो पहिल्याच दिवशी मोडला. “जिभेवर कळते ती नुसती साखर. फळ कळतं घशाखाली,” असे ते नव्या लोकांना शिकवत. त्यामुळे तीस वर्षे रोज वीस-बावीस चमचे माझ्याकडे उतरत आले.

तेव्हा मी तरणी होते. आलेले अन्न आंबट रसात घुसळून, त्याची पातळ खळ करून तीन-चार तासांत खाली आतड्याकडे धाडायचे. अन्नाबरोबर शिरलेले बरेचसे जंतू माझ्या रसातच गार व्हायचे. आतड्यातले भले जंतू आपापल्या जागी सुखाने नांदायचे. “काय पचवतो हा माणूस,” लोक म्हणायचे. शाबासकी काकांना मिळायची, पण जराशी मीही फुगायचे.

बारा वर्षांपूर्वी चष्म्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. साखर दुपटीच्या वर निघाली. काकांनी घरी सांगितले, “थोडी वर आहे.” काकूंनी पुढे विचारले नाही. त्या दिवसापासून घरात त्या आजाराचे नाव ‘ते’ पडले. “तुमचं ते कसं आहे?” “ते बरं आहे.” झाले, विषय संपला. कारखान्यात कळले तर चमचा काढून घेतील आणि लेबले चिकटवायला बसवतील, ही काकांची धास्ती. गोळ्या तीन महिने घेतल्या, मग बरे वाटते म्हणून सोडल्या.

मला मेंदूचे हुकूम आणून देणारी एक नस आहे. वर्षानुवर्षे साखरेत मुरून ती बधिर होत गेली. हुकूम उशिरा येऊ लागले, मग अर्धवट येऊ लागले. मी कामचुकार झाले नाही हो, मला कोणी हलवेचना. रात्रीचे जेवण सकाळपर्यंत तसेच पडून राहू लागले. फळांचा गर तासभर तुंबला तर काका सगळ्या खात्याला फैलावर घेत; माझ्यात दिवसभर तुंबलेले त्यांना दिसायचे नाही. साचलेल्या अन्नावर जंतूंनी बिऱ्हाड थाटले. खाली लहान आतड्यातही नको तेवढी गर्दी झाली. त्यातूनच तो वायू आणि तो वास. काका ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत. जळजळ थांबे, पण जंतू मारणारा माझा रसच दुबळा होई. काकूंनी कुठेतरी ऐकले, की ‘त्याला’ चोथा चांगला. मग कच्चा कोबी, कोंडा, वाट्याच्या वाट्या. प्रेमाने भरवलेल्या त्या चोथ्याचे माझ्यात गोळे होऊन बसत.

गेल्या आठवड्यात पेरूचा घाणा उतरला. काकांनी चमचा गिळला आणि म्हणाले, “उत्तम.”

भट्टीवाल्याने नखभर चाखले. “काका, गर आंबलाय हो.”

“तुझी जीभ आज घरी राहिली वाटतं,” काका हसले. पण त्यांच्याच तोंडाला इतका आंबूस वास होता, की त्यांना काही कळले नव्हते. त्याच दुपारी ते मोरीत ओकले. आदल्या दिवशीचा कोबी, जसाच्या तसा. बराच वेळ ते त्याकडे बघत उभे राहिले.

मित्रांनो, आम्हा आतल्यांना बोलता येत नाही. मळमळ, जडपणा, दोन घासांत भरणारे पोट, एवढीच आमची भाषा. ती ऐका. गोळी टाकून आम्हाला गप्प बसवू नका, आणि डॉक्टरांपुढे गेलात तर अर्धे सांगू नका. अर्ध्यावर उपचार झाला, की उरलेले अर्धे आमच्यात सडत राहते.

परवा काकू त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

“कालचा कोबी आज? अख्खा?” डॉक्टरांनी विचारले. “साखर वगैरे?”

“मागे कधीतरी थोडी वर होती,” काका म्हणाले. “आता काही नाही. गॅसचंच आहे हे. जरा जोरदार गोळी द्या.”

डॉक्टर लिहू लागले. काकू पर्सचे बटण उघडत होत्या, लावत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. माझ्यात सकाळचा चहा अजून तसाच होता.

“लिहू नका, डॉक्टर,” काकू म्हणाल्या. “ह्यांना मधुमेह आहे. बारा वर्षं झाली. गोळ्या घेत नाहीत आणि रोज जॅम गिळतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”