तज्ज्ञाच्या गळ्यातली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. लाखनीच्या पुढे, जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लॉजमालकाच्या गळ्यात माझा मुक्काम. माझा जन्म परदेशातला, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. ते खोकं कुठे छापलं हे मला ठाऊक आहे, म्हणून या विषयावर मी फार बोलत नाही.

मालकाचं नाव भुपेंद्र. लॉज म्हणजे धानाच्या शेताकडेला चार खोल्या, अंगणात खाटा आणि त्याच्या बायकोच्या, हर्षाच्या हातचं जेवण. जेवायला ट्रकवाले यायचे, राहायला कोणी नाही. जंगल पाहणारे पाहुणे धूळ उडवत पुढच्या मोठ्या रिसॉर्टात जायचे. भुपेंद्रचे वडील यादोराव रोज ऐकवायचे, "यंदा खोल्या रिकाम्या राहिल्या तं मी त्यात धान भरतो. कमीत कमी उंदरं तरी राहतीन."

तेव्हा कोणीतरी भुपेंद्रच्या कानात भरलं, "लोकं खोली पाहून नाई येत बे, जाणकार पाहून येते. तू एक्सपर्ट हो."

एक्सपर्ट व्हायला काहीतरी शिकावं लागतं, हे सांगायला तो विसरला असावा. भुपेंद्रनं नागपूरच्या बर्डी बाजारातल्या फुटपाथवरून मला उचललं, सोबत खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं आणि रस्त्यावर पाटी ठोकली: 'पक्षीतज्ज्ञ भुपेंद्रजी'. 'जी' त्यानं स्वतःच लावून घेतला. दुसऱ्याच्या भरवशावर कशाला राहायचं?

मला गळ्यात घालून तो बाजारात गेला, लग्नात जेवला, एका मयतीतही उभा राहिला. डोळ्याला मात्र फक्त फोटोपुरती लावायचा, तेही काचांवरची टोपणं न काढता. पाटी वाचून थांबलेल्या एखाद्या पाहुण्यानं पक्षी ओळखला नाही तर तो म्हणे, "मादी आहे." ओळखला तर म्हणे, "बराबर, पण पिल्लू आहे." मला लाज वाटायची. पण दुर्बिणीला विचारतो कोण!

त्या हिवाळ्यात नागपूरहून मालनबाई दोन-तीन मैत्रिणींना घेऊन जागा पाहायला आल्या. निवृत्त नर्स, बोलायला फटकळ. त्यांच्या फिरस्त्या महिला मंडळाला जागा पसंत पडली तर चारही खोल्या भरणार होत्या. म्हणून भुपेंद्रनं सकाळी जाकिटाला इस्त्री केली.

धुक्यात सगळ्याजणी बांधावर उभ्या. दूर धानात काहीतरी करडं, उंच, वर लाल.

"सारस!" भुपेंद्र कुजबुजला. "नर आहे. ध्यान लावून बसला." मग सारसाची जोडी जन्मभर कशी टिकते, यावर त्यानं जे सुरू केलं ते थांबेचना.

मालनबाईंनी हात जोडले. डोळे भरून आले होते. "आमच्या यांना सारस पाहायचा होता," त्या म्हणाल्या. "राहून गेलं."

भुपेंद्रनं माझी टोपणं काढली आणि मला खरोखर डोळ्याला लावलं. पहिल्यांदाच! मी काय दाखवणार? युरियाचं पोतं. रानडुकरं भ्यावीत म्हणून यादोरावांनी बांबूला बांधलेलं, वर हर्षाच्या जुन्या साडीची लाल चिंधी.

बायका खूश होत्या, धुकं दाट होतं, गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मला वाटलं, हा गप्पच राहील.

"काकू, हात खाली करा जी," तो म्हणाला. "तो सारस नाई. आमच्या बाबूजीचं पोतं आहे."

"मग इतका वेळ काय सांगून राहिला होता?"

"तोंडात आलं ते."

"पक्षी तरी कोणते ओळखतोस?"

"बगळा येते मले. अन् कावळा."

एकजण फिस्सकन हसली. मालनबाई हसल्या नाहीत. जेवल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळी यादोरावांनी धान भरायला कोपऱ्यातल्या खोलीतली खाट बाहेर काढली. हर्षानं अडवलं नाही. भुपेंद्रनं पाटी उपटून गोठ्यामागे टाकली. मला त्याची खरंच दया आली.

धान कापून झालं आणि मालनबाईंचा फोन आला. "चारही खोल्या ठेव. मंडळ घेऊन येते."

"काकू, पक्षी दिसनच असं नाई जी."

"म्हणूनच येते. त्या मोठ्या रिसॉर्टात मला दर खेपेला सारस दाखवते रे. आता विचार करून राहिली, त्यातली पोती किती होती!"

यादोरावांनी खाट परत आत नेली.

आता माझ्या एका काचेत बुरशी धरली आहे. भुपेंद्र पक्ष्यांचं पुस्तक चाळतो, निम्मे पक्षी चुकतो आणि चुकला की सांगतो. खोल्यांना मात्र उसंत नाही. जाता जाता एवढंच सांगते. कुणाच्या गळ्यात दुर्बीण दिसली म्हणून लगेच मान डोलावू नका. हात पुढे करा आणि म्हणा, "आणा जी इकडे, आम्हालाही पाहू द्या."