शेवटचं वाक्य अंधारात

अनुदान समितीच्या बाई तालीम बघायला आल्यापासून नाटक बसवणाऱ्या दादाचा पाय एका जागी ठरत नव्हता. नाटक सगळ्यांना सामावून घेणारं आहे, हे त्यांना पटलं तरच हॉलचं भाडं मिळणार होतं. नाहीतर नाटक बासनात. नायिका त्याची धाकटी बहीण होती. तिला ऐकू येत नसे, ती हातांनी बोले.

शेवटच्या प्रसंगात ती पुढे आली, तिने हात उचलले आणि दादाने आयत्या वेळी सुचलं म्हणून दिवे घालवले. काय परिणाम साधलाय, असं त्याला वाटलं.

"संपलं का?" बाईंनी विचारलं.

"हो, संपलं," तो घाईने म्हणाला.

खटकन ट्यूबलाइट लागली. बटणापाशी बहीण उभी होती आणि तिचे हात भराभर चालत होते.

"काय म्हणतेय ती?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यावी, असं दादाच्या मनात आलं. पण बहिणीचा चेहराच सगळं सांगत होता.

"म्हणतेय, गाढवा, माझं वाक्य राहिलंय. अंधारात मला कोण ऐकणार?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मग होऊ दे की परत. उजेडात."