तळ्यातला म्हाराजा

बाळकृष्णाने सुतळीला बांधलेला थर्मामीटर तळ्यातून वर ओढला, पँटला पुसला, आकडा पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडला. दुसऱ्या खेपेला तरी पाण्याला लाज वाटेल, अशी त्याची आशा असावी.

"किती?" काठावरून झेवियरने विचारलं.

झेवियर वसईचा, रिसॉर्टच्या किचनचा मुख्य. पण त्याचं इंग्रजी अक्षर असं देखणं, की मासेमारीच्या फळ्यावर रोज सकाळी खडू त्याच्याच हातात असायचा. बाळकृष्णाने मराठीत सांगायचं, झेवियरने पाहुण्यांसाठी इंग्रजीत उतरवायचं.

"एकोणीस."

"खरं सांग."

"वीस. आणि वर वाईच."

"मग लिहू काय?"

"एकोणीस लिही. मासेमारी बंद करायची तर आधी मालकाशी बोलावं लागेल. वारा मंद. ट्राउट तळाला, फलजचा पाट तळ्यात पडतो त्या गार कोपऱ्यात. गळ खोल सोडा, घाई करू नका."

"आणि म्हाराजा?"

बाळकृष्णाने सुतळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"लिही, म्हाराजा खुशीत आहे."

खडू अडखळला. "मेलेल्याबद्दल असं लिहू नये रे बाळा," झेवियर म्हणाला. पण लिहिलं.

ओमानच्या डोंगरमाथ्यावर थंड पाण्यातला ट्राउट कुठून आला, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: रिसॉर्टच्या मालकाच्या, अर्बाब मजीदच्या डोक्यातून. मजीदने परदेशात कुठेतरी तळ्याकाठी चार दिवस काढले आणि परत येऊन जबल अख्दरवरच्या आपल्या रिसॉर्टच्या मधोमध तळं खणलं. बर्फाच्या टाक्यांतून मासे आले. पहिल्या उन्हाळ्यात त्यातले निम्मे पोट वर करून तरंगले. तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, की दुक्मच्या बंदरात टगबोटीवर देवगडकडचा एक माणूस आहे, तो माशाशी बोलतो. बाळकृष्णाने तोवर ट्राउट चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. पण मासा गुदमरतो कशाने हे कळायला त्याची भाषा यावी लागत नाही. त्याने खजुरीच्या झावळ्यांची सावली केली, झेवियरच्या फ्रीजरमधून पहाटे-संध्याकाळी गाडाभर बर्फ ओतायला सुरुवात केली आणि मासे जगवले.

तेवढ्यावर थांबला असता तर बाळकृष्ण कसला!

तळ्यातल्या सगळ्यांत थोराड ट्राउटवर पाहुण्यांचा डोळा होता. त्याला वाचवायला म्हणून याने मजीदला सांगून टाकलं, की आमच्याकडे प्रत्येक पाण्याला राखणदार असतो. या तळ्याचा हा, म्हाराजा. त्याला रोज सकाळी गाऱ्हाणं घालावं लागतं, ते मालवणीतच, आणि मानकऱ्याच्याच तोंडून. मग बाळकृष्ण काठावर उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घाली, झेवियर मागून "होय म्हाराजा!" म्हणे, आणि प्रत्येक "होय म्हाराजा"ला बाळकृष्ण खाण्याचा डबा वाजवी. मासा वर येई तो डब्याला. मजीदला वाटे गाऱ्हाण्याला.

पुढे बाळकृष्णाच्या सांगण्यात म्हाराजाने एका जर्मन पाहुण्याचं घड्याळ गिळलं. वारा पडला की तळाशी टिकटिक ऐकू येते. गेल्या वर्षी तर तो उन्हाने मेला, गारांच्या पावसाबरोबर आभाळातून परत आला, आणि येताना दोन वीत वाढूनही आला. मजीदने हे सगळं रिसॉर्टच्या माहितीपत्रकात छापलं. लोक गुलाबांच्या हंगामात येत, गुलाब बघत आणि म्हाराजाला भेटायला थांबत.

आणि म्हाराजा मागच्या आठवड्यात खरोखरच मेला. बर्फ होता, सावली होती, पण वय झालं होतं. बाळकृष्णाने त्याला टॉवेलात गुंडाळून डाळिंबाच्या झाडाखाली पुरलं. झेवियरने वर क्रूस काढला. बाळकृष्णाने तो पुसला नाही.

तळ्याचा नियम साधा होता. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की मासेमारी बंद, कारण गरम पाण्यात गळाशी झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी जगत नाही. मासेमारी बंद, की बाळकृष्णाची सुट्टी सुरू. यंदा ती सुट्टी त्याला एक मेच्या आत हवी होती. कारण घरी त्याची बायको, कलावती, सरपंच झाली होती.

रात्री फोनवर तिने विचारलं होतं, "तुमी येतल्यात मां?"

"येतंय गे. पाणी तापला काय सुटलंय."

"महाराष्ट्र दिनाक झेंडो मी फडकवतलंय. न्हाणयेच्या मागे काठी उभी करून टॉवेलाचो सराव चललोसा. तीनदा ओढलंय, दोनदा टॉवेल सुटाकच नाय."

बाळकृष्ण हसला.

"हसा नको. सगळो गाव बघतलो. समोर आपला एक माणूस उभा आसला काय हात थरथराचो नाय." मग ती म्हणाली, "आणि पाणी तापाची वाट कित्याक बघतात? सायबाक सरळ सांगाचा."

सरळ सांगायचं! बाळकृष्णाला तेवढी एकच गोष्ट येत नव्हती. तरी सकाळी फळा लिहून झाल्यावर तो गेला मजीदकडे.

मजीद व्हरांड्यात कहवा पीत होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, पटकन हसणारा.

"अर्बाब, पानी गरम हो गया. मच्छी बंद करो. मेरे को छुट्टी दो. एक मई को घरवाली गाँव में झंडा फहरायेगी."

"ईद के बाद, बाला. होटल फुल है. कल मस्कत से बड़ा पार्टी आता है, सब म्हाराजा देखेगा."

"म्हाराजा मर गया, अर्बाब."

मजीदने कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारून हसला. "फिर मर गया? पिछला साल भी मरा था!"

"इस बार सच्ची में. मैंने गाड़ा उसको. चलो, दिखाता."

मजीद हसत हसतच डाळिंबाखाली आला. बाळकृष्णाने फावड्याने माती ओढली. खड्ड्यात टॉवेल होता. फाटलेला, चिखलाने माखलेला आणि रिकामा. कोल्ह्याने केव्हाच मेजवानी उरकली होती.

"वल्ला!" मजीदच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "उठ के चला गया! बाला, तेरे जैसा आदमी मैं छोड़ेगा क्या? तू गया तो म्हाराजा किस का सुनेगा?"

बाळकृष्ण फावडं धरून उभा राहिला. समोर डोंगरउतारावर नागमोडी रस्ता दिसत होता. फोर-बाय-फोर गाडीशिवाय पोलीस चौकी या रस्त्यावर सोडत नाही, आणि ती गाडी मजीदची. किल्ली मजीदच्या खिशात. आणि त्या किल्लीवर बसला होता एक मासा, जो आता कोल्ह्याच्या पोटात होता.

"उद्या काय दाखवणार?" संध्याकाळी बर्फाचा गाडा ढकलत झेवियरने विचारलं.

"नारळ आहे तुझ्याकडे?"

"चटणीचे आहेत."

"शेंडीवाला एक ठेव बाजूला. आमच्यात मानकरी गावाबाहेर जायचा झाला की मान दुसऱ्याच्या हाती देतो. एक नारळ, एक गाऱ्हाणं. मग देव नव्या माणसाचं ऐकतो."

"आणि मासा नाही आला तर?"

"मग तो नव्या मानकऱ्याचा प्रश्न," बाळकृष्ण म्हणाला. पण बर्फ ओतताना त्याने झेवियरकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी मस्कतचे पाहुणे फोन वर धरून उभे होते. बाळकृष्णाने मजीदच्या हाती नारळ दिला आणि जाहीर केलं, की आजपासून राखणदाराचा मान खुद्द मालकाकडे. मजीदचा चेहरा असा उजळला, की बाळकृष्णाला क्षणभर खड्ड्यात तोंड लपवावंसं वाटलं.

त्याने हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्या तळ्याच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!" झेवियर.

"आज ह्यो मजीद तुझ्या समोर उभो रवलो हा. तेच्या हातचा मानून घी."

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण हयसर अडाकलो आसात, मगे तो पाण्यात आसो नायतर काठार, तेका वाट करून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," झेवियर म्हणाला. या वेळी हळू.

मजीदने नारळ फोडला, डबा वाजवला आणि गुडघ्यावर बसून मूठभर खाणं पाण्यावर धरलं. फलजच्या कोपऱ्यात दोन बारके ट्राउट हलले आणि तळाला गेले. बाकी काही नाही. पाणी काचेसारखं. पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकलं. एक फोन खाली आला. मग दुसरा.

मजीदचे कान लाल झाले. त्याने हात आणखी खाली नेला. कोपरापर्यंत पाण्यात गेला. पायघोळ दिशदाशाची पांढरी बाही भिजली. तो तसाच वाकून राहिला. आणि अचानक हात झटकून उभा राहिला.

"देखा? देखा ना? हाथ से ले के गया!" त्याने दोन्ही हात पसरले. बाळकृष्णाने आजवर पसरले होते त्याहून वीतभर जास्तच. "इतना बड़ा!"

एकदम गलका झाला. टाळ्या वाजल्या. एकाने शेपटी पाहिली होती. मस्कतच्या अझैबाहून आलेल्या एका बाईंनी तर त्याचा सोनेरी डोळा पाहिला होता. त्याने त्यांच्याकडेच बघितलं होतं, म्हणे.

मजीद गर्दीतून वाट काढत बाळकृष्णाजवळ आला. बाहीतून पाणी ठिबकत होतं. तळ्याकडेच बघत त्याने हळू विचारलं, "कब मरा?"

"बोला था ना, अर्बाब."

"हाँ. बोला था." त्याने बाही पिळली. मग खिशातून किल्ली काढून बाळकृष्णाच्या तळहातावर ठेवली. "ड्रायवर को दे. दोपहर को नीचे छोड़ेगा. जा, घरवाली का झंडा देख के आ."

"सर, कल सुबह फिर?" मागून कुणीतरी ओरडलं. "मेरी फैमिली आ रही है!"

मजीद वळला. सगळे फोन त्याच्याकडे रोखलेले होते.

"कल?" तो म्हणाला. "हाँ... कल भी. इन्शाल्ला."

झेवियर खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता. सवयीने त्याने बाळकृष्णाकडे पाहिलं. "काय लिहू?"

बाळकृष्णाने मूठ मिटली. किल्ली तळहातात रुतली. त्याने नुसत्या हनुवटीने मजीदकडे खूण केली.

मजीदने सुतळी ओढून थर्मामीटर वर काढला. आकडा पाहिला. पुन्हा पाण्यात सोडून परत पाहिला.

"लिखो," तो म्हणाला. "पानी उन्नीस."