भैरूच्या कपाळावरची तारीख

मी एक जुना टपालाचा शिक्का आहे. मार देणे हा माझा धंदा, आणि जन्मही मार खाऊनच झालेला. कारखान्यात मला तापवले, घणाखाली चेपले आणि तोंडावर उलटी अक्षरे कोरली. रडायची सोय नव्हती.

राहू गावच्या पोस्टात आलो तेव्हा पोस्टमास्तर सोपानरावांनी मला हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, "ह्यानं माणूस मरंल." ती माझी पहिली शाबासकी.

रोज सकाळी दार उघडण्याआधी सोपानराव चिमट्याने माझ्या तोंडातले कालच्या तारखेचे खिळे उपटायचे आणि आजचे बसवायचे. मित्रांनो, तुमचे दात रोज कुणी असे बदलले तर? मला मात्र त्याची सवय झाली होती. मग दिवसभर शाईची गादी आणि टपाल, एकच ताल चालायचा. गादीवर एक, पाकिटावर एक. लग्नपत्रिका असो, दहाव्याचे कार्ड असो, नोकरीचा नकार असो, सगळ्यांना मी सारख्याच जोराने हाणायचो. माझ्या मनात कुणाबद्दल काही नव्हते.

१९७५ च्या जानेवारीत म्हाळूची लेक चांगुणा रोज पोस्टात येऊन बसू लागली. ती पुण्यात शेतकी शिकून आली होती. कालव्याच्या पाण्याने आमच्याकडची जमीन चोपण होऊन पांढरी पडत चालली होती. ती पुन्हा पिकती कशी करायची, हे शिकायला तिला हॉलंडला एम.एस्सी.ला जायचे होते. फॉर्म नऊ पानांचा होता आणि घरात टेबल नव्हते, म्हणून तो माझ्या शेजारी बसून भरला गेला. 'हाच विषय का निवडला?' या प्रश्नाखाली तीन ओळींची जागा होती. चांगुणा त्या तीन ओळींशी चार दिवस झुंजली. मार्कलिस्टच्या नकलेवर बड्या सरकारी अधिकाऱ्याची सही लागत होती. जवळपास तसा एकच माणूस होता, जनावरांचा डॉक्टर. त्यामुळे चांगुणाच्या पदवीवर गुरांच्या दवाखान्याचा शिक्का बसला.

"आता हॉलंडवाले तुला दावणीला बांधतील," सोपानराव म्हणाले.

"वैरण चांगली आसंल तर बांधू द्या, मास्तर," चांगुणा म्हणाली.

फॉर्मवर एक अट होती. एकतीस जानेवारीनंतरचा शिक्का असलेले पाकीट उघडले जाणार नव्हते.

आता भैरू. हा चांगुणाचा आतेभाऊ, तालमीतला गडी. त्याच्या आईने, म्हणजे भामाबाईने, चांगुणा पाळण्यात असतानाच तिला सून म्हणून ठरवून टाकले होते. दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो होता. म्हाळू त्याच्याकडे बघून म्हणायचा, "बाबा बोटीनं गेलं, माझी लेक इमानानं जाईल." भैरू आपल्या घरच्या फोटोची धूळ रोज पुसायचा. त्याला तेवढेच जमायचे.

एकतीस तारखेला, शुक्रवारी, चांगुणा आलीच नाही. सोपानराव दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत बसले. मी एकतीस तारीख तोंडात धरून होतो.

झाले होते असे. पोस्टाच्या वाटेवर भैरूने तिला कांद्याच्या रिकाम्या चाळीत ढकलले. तिने दाराला हात घातला, तर त्याने बोटांसकट दार लावले आणि कडी घातली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चांगुणाने लाथांनी चाळीच्या कांबट्या मोडल्या आणि ती थेट आमच्याकडे आली.

सोपानरावांच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्यात मी. चांगुणाने दोन्ही मुठींनी दार बडवले. ते उघडले तर तिची तीन बोटे वांग्यासारखी झालेली. पाकिटावर रक्ताचा थेंब होता, त्यावर तिने तिकीट चिकटवले.

"तारीख गेली गं, पोरी," सोपानराव म्हणाले. "मला आज आजचाच शिक्का मारावा लागंल."

चांगुणा काही बोलायच्या आत भैरू आत शिरला. "त्ये पाकीट इकडं," असे म्हणत त्याने तिचे केस धरून तिला खाली पाडले.

मित्रांनो, सोपानराव छप्पन्न वर्षांचे होते आणि त्यांना दमा होता. त्यांनी चिमटा टाकला. तीस वर्षांची सवय अशी, की शाई लावल्याशिवाय त्यांना मारताच येत नसे. गादीवर एक, भैरूच्या कपाळावर एक. आणि हात तालात आलेला असल्याने पुन्हा गादीवर एक, पाकिटावर एक.

दोन्हीकडे सुबक उठले: राहू, ३१ जाने. ७५.

तारीख बदलायची राहिली हे मास्तरांच्या ध्यानात होते की नव्हते, मला विचारू नका. साडेनऊच्या एस.टी.ने टपालाची थैली दौंडला गेली.

भैरू रक्त गाळत पोलीस ठाण्यात गेला. दुपारी सगळ्यांना बोलावले. मीही टेबलावर होतो, हत्यार म्हणून.

"कवा मारलं?" हवालदाराने विचारले.

"आज सकाळी," भैरू म्हणाला.

हवालदाराने चष्मा लावून त्याचे कपाळ वाचले. "हितं तर काल लिवलंय."

"काल मी पोस्टाकडं फिरकलो बी न्हाई!"

"मग कुठं व्हतास?"

"हिला चाळीत कोंडत व्हतो न्हवं!"

हवालदार चांगुणाकडे वळला. "खरं का गं?"

ती 'व्हय' म्हणाली असती, तर भैरू तिथेच आत गेला असता. पण मग तारीख खोटी ठरली असती. मास्तरांची नोकरी गेली असती आणि पाकीट वाटेतच अडले असते. चांगुणाने सुजलेला हात पदराखाली घेतला.

"न्हाई, साहेब. मला कुणी कोंडलं न्हाई. ह्यो डोक्यावर पडलाय."

"त्ये दिसतंयच," हवालदार म्हणाला आणि त्याने कागद मिटला.

बाहेर भामाबाईने साऱ्या गावादेखत चांगुणाच्या थोबाडीत दिली. माझ्या लेकाचं कपाळ फोडलं आन् वर खोटं बोलती, म्हणाली. जूनमध्ये हॉलंडहून होकार आला. त्या पाकिटावर पोचल्याचा ठसा मीच मारला, तारीख नीट बदलून.

दोन वर्षांनी माझी अक्षरे झिजली आणि नवा शिक्का आला. सोपानराव निवृत्त झाले. नवे मास्तर माझ्याने सुपारी फोडू लागले. सोपानराव मात्र सवयीने रोज येऊन बाकावर बसायचे.

१९७८ च्या मे महिन्यात चांगुणा परत आली आणि सगळ्यांत आधी पोस्टात शिरली. भामाबाई भैरूला घेऊन कार्ड टाकायला आली होती. भैरूच्या कपाळावर अजून फडके असायचे. शाई गेली होती, पण वण गोल उठला होता.

"आली का मड्डम," भामाबाई म्हणाली.

चांगुणाने आधी बाकाकडे पाहिले. "मास्तर, पेन्शन लागली?"

"परवाच."

मग तिने हात काउंटरवर ठेवला. तीन बोटे वाकडीच जुळली होती. "आत्या, तवा मी खोटं बोलले. ह्यानं मला कोंडलं व्हतं. ही बोटं ह्यानंच दारात चेपली."

भामाबाईने ती बोटे हातात घेतली आणि एकेक करून दाबून पाहिली.

"व्हय रं, भैरू?"

भैरूने फडके सारखे केले. "व्हय."

भामाबाईने काउंटरवरच्या सुपारीतून मला उचलले. भैरूच्या कपाळावर जुन्या जागेपासून बोटभर अंतरावर बसलो. या वेळी शाई नव्हती, त्यामुळे तारीख उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही पडले असेल तर त्याचे तोंड पुसून ठेवा, त्याने सुपारी फोडू नका. आणि खरे शक्यतो त्याच दिवशी टपालात टाका. चांगुणाचे पोचायला सव्वातीन वर्षे लागली. उशिरा पोचलेले फार जोरात लागते. मी मारणारा होतो, मला ठाऊक आहे.