म्हैस कुणाची

फकरुद्दीनने तलाक दिला तेव्हा ताजुन्निसा लहानग्या परवीनला घेऊन लोणावळ्यात भावाकडे आली. भाऊ महंमद शिंपी होता. एका खोलीत त्याचा संसार, त्यातच शिलाईचं मशीन, आणि आता या दोघी. वडगावच्या मॅजिस्ट्रेटांनी ताजुन्निसाची पोटगी इद्दतीपुरतीच, म्हणजे तलाकानंतरच्या तीनेक महिन्यांपुरतीच दिली, पण मुलीची दरमहा बांधून दिली. ती बापाने द्यायचीच होती. फकरुद्दीनने एकदाही दिली नाही. तो स्टेशनावर टांगा हाकायचा, पण टांगा आणि घोडा शेठचा. “माझ्या नावावर हाय काय, घ्यायला?” असं तो चारचौघांत म्हणायचा.

महंमदने बहिणीला अर्ज करायला लावला. १९३४ च्या थंडीत जप्तीचं वॉरंट निघालं. बापाच्या मालकीची चीजवस्तू विकून पोटगी वसूल करायची. वस्तू सापडली नाही तर त्याला कैद. घरातलं काय कुणाचं ते दाखवायला ताजुन्निसानेही यावं, असा जमादाराचा निरोप आला.

“मी न्हाई जायची,” ती भावाला म्हणाली. “अम्मा असंल तितं.”

“मग पोरीला मी किती दिस पुरणार?” महंमद म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. शिवणावरून मान वर न करता बोलला, म्हणून ते तिला जास्त लागलं.

अम्मा म्हणजे फकरुद्दीनची आई, अकबरी. कुसगावातल्या घरात ती म्हैस पाळायची आणि लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालायची. तलाकानंतरही दर शुक्रवारी ती नातीला बोलावून घेई, साय-साखर चारून संध्याकाळी परत पोचवी. म्हैस तिचीच होती. बेडसे गावच्या तिच्या भावाने तिला पारडी दिली होती. ती पारडी बेडशाहून पायी हाकत आणली तेव्हा ताजुन्निसा नवी नवरी होती आणि सासूबरोबर चालत होती.

जमादार दोन पंचांना घेऊन अंगणात उभा राहिला. घरात एक बाज, चार भांडी आणि गोठ्यात म्हैस, एवढंच होतं.

“म्हस कुणाची?”

“अम्माची,” फकरुद्दीन म्हणाला. “माझं हितं काय बी न्हाई.”

“मग तुलाच न्यावा लागंल वडगावला. जेलात बस महिनाभर.”

फकरुद्दीनने खांदे उडवले, पण त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात अकबरी गोठ्यातून बाहेर आली. हाताला शेण होतं.

“म्हस त्याची हाय,” ती म्हणाली. “न्या.”

जमादाराने ताजुन्निसाकडे पाहिलं. “बाई, तुमी सांगा. खरं काय?”

खरं सांगितलं तर तो तुरुंगात जाणार, टांगा सुटणार आणि परवीनच्या हाती काहीच पडणार नाही. खोटं सांगितलं तर या बाईच्या तोंडचा घास ओढून आपल्या पोरीला भरवायचा. अकबरी तिच्याकडे एकटक बघत होती. हात जोडले नव्हते एवढंच.

“अम्मा खोटं कशाला बोलंल?” ताजुन्निसा म्हणाली.

पंचनामा झाला. तिने अंगठा दिला. शिपाई म्हशीला ओढायला लागला, पण ती जागची हलेना. शेवटी अकबरीनेच दावं हातात घेतलं आणि तिला सडकेपर्यंत नेऊन दिलं.

लिलावातून थकलेली पोटगी मिळाली. महंमदने घरात दाणे भरले. परवीन विचारायची, “दादीकडं कवा जायचं?” ताजुन्निसा तिला दुसऱ्या कामाला लावायची.

पुढच्या महिन्यापासूनही फकरुद्दीन काही देईना. आई भरते हे त्याला कळून चुकलं होतं. एका सकाळी अकबरी महंमदच्या दारात येऊन बसली.

“अजून भांडी हायेत माझी,” ती म्हणाली. “ती ने. पर त्याला जेलात घालू नगं.”

“भांडी नेऊन तू कशात रांधशील, अम्मा?”

“ते माझं मी बघीन.”

ताजुन्निसाने ऐकलं नाही. वडगावला जाऊन या वेळी तिने मॅजिस्ट्रेटांपुढे खरं ते सांगितलं: “त्या घरात त्याचं काय बी न्हाई. म्हस बी त्याची नव्हती.” मॅजिस्ट्रेटांनी तिला खोट्या पंचनाम्याबद्दल खडसावलं आणि फकरुद्दीनला कैदेत पाठवलं.

तो सुटून आला तोवर शेठने टांगा दुसऱ्याला दिला होता. आता त्याच्याकडे खरंच काही नव्हतं. पोटगी मात्र महिन्यागणिक चढत होती. महंमद म्हणत होता, अर्ज कर; नाही केला तर हुकूम कागदावरच राहील. केला तर काय होणार, ते तिला ठाऊक होतं. तिने केला.

तारखेला ती परवीनला घेऊन वडगावला गेली. कचेरीच्या आवारात एकच झाड होतं आणि त्याच्या पारावर अकबरी बसली होती. मुलाला पुन्हा नेलं तर द्यायला म्हणून तिने भाकरी बांधून आणली होती. ऊन कडक होतं. दुसरीकडे सावली नव्हती. ताजुन्निसा पाराच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

परवीन दादीकडे धावली. अकबरीने तिला मांडीवर घेतलं, फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडून दिला. सुनेकडे तिने पाहिलं नाही.

“अम्मा,” ताजुन्निसा हलकेच म्हणाली.

अकबरीने नातीच्या हनुवटीला लागलेला चुरा पुसला. मग शिपायाने आतून फकरुद्दीनचं नाव पुकारलं आणि दोघीही उठल्या.