थोरली सून

सासऱ्यांच्या विजेच्या भट्टीत मातीच्या भांड्यांवर तांब्याची झिलई नेहमी हिरवीच उतरायची. सुनेला ती लाल हवी होती, आणि त्यासाठी भांड्याभोवती धूर कोंडावा लागतो. सासरे काही ऐकेनात.

"धुरानं भट्टीच्या तापणाऱ्या तारांवरचं कवच जातं आणि मग तारा तुटतात. ही भट्टी माझी थोरली सून आहे. तिच्या अंगाला धक्का लागता कामा नये."

"आणि धाकटीनं धूर डब्यातच कोंडला तर?"

तिने जाड मातीचा झाकणाचा डबा घडवून भाजला. त्यात झिलई दिलेली सुरई आणि कोळशाचे तुकडे ठेवले, झाकणाची फट ओल्या मातीने लिंपली आणि डबा भट्टीत ठेवला.

भट्टी निवल्यावर सासऱ्यांनी डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विजेरी घेऊन ते एकेका खाचेतली तार तपासू लागले. तार बिघडली असती तर हा सुनेचा पहिला आणि शेवटचा प्रयोग ठरला असता.

"थोरली ठणठणीत आहे," ते अखेर म्हणाले. "आता उघड तुझा डबा."

सुरई लालबुंद निघाली. एका अंगाला मात्र बोटभर हिरवा डाग होता.

"इथं लिंपण फुटलं, वारा शिरला," सासरे म्हणाले.

"पुढच्या वेळी दुहेरी लिंपीन."

दुकानाच्या दर्शनी फळीवरची स्वतःची बरणी सासऱ्यांनी बाजूला सरकवली. तिथे सुनेने डाग भिंतीकडे करून सुरई ठेवली. त्यांनी ती फिरवून डाग पुढे आणला.

"दिसू दे. हिरवा थोरलीचा, लाल धाकटीचा."